काउंटरवरची संकष्टी

आमच्या धंद्यात उपवासाचा दिवस कॅलेंडर न बघता कळतो. सकाळी अकराच्या सुमारास अॅसिडिटीच्या गोळ्या जास्त खपायला लागतात, दुपारी डोकेदुखीच्या. दिवेलागणीला एखादा काउंटरवर रेलून हळू आवाजात विचारतो, "डॉक्टर, जेवणानंतरची गोळी आज कधी घेऊ?" मी डॉक्टर नाही. सांगलीत मेडिकलचं दुकान चालवतो, डी. फार्मचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय. पण मेडिकलवाल्याला डॉक्टर म्हणायची आपल्याकडं पद्धतच आहे, आणि मीही आता दुरुस्त करत बसत नाही.

असे प्रश्न एकादशीला येतात, महाशिवरात्रीला येतात, नवरात्रात तर नऊ दिवस येतात. संकष्टीचं गिऱ्हाईक मात्र वेगळं. एकादशी दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायची, संकष्टी त्याच रात्री, चंद्र उगवल्यावर. त्यामुळं विचारणाऱ्याला मिनिटांचा हिशेब हवा असतो. गोळीची वेळ साडेआठ, चंद्रोदय सव्वानऊचा. मधल्या पाऊण तासाचं काय करायचं?

मलाही त्याच पाऊण तासाचं पडलेलं असतं, कारण संकष्टी माझीही असते.

ती मुळात आईची. मी लहान असताना टायफॉइडनं अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा तिनं इथल्या गणपतीला नवस बोलला की पोरगं उठून शाळेला गेलं तर एकवीस संकष्ट्या करीन. पोरगं उठलं. (ते गोळ्यांनी उठलं असं मी आता धंद्याच्या अकलेनं म्हणू शकतो. आईपुढं म्हणत नाही.) एकवीस झाल्या, उद्यापन झालं, एकवीस मोदकांचं वाण दिलं, आणि पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा उपवास धरला. अण्णांनी विचारलं, आता कशाला? तर म्हणाली, "चतुर्थी आली की जेवण जात नाही मला." नवस केव्हाच फिटला होता, आता देवाकडं काही मागायचंही नव्हतं. तरी तिनं संकष्टी सोडली नाही, आणि अण्णांनीही पुन्हा कधी विचारलं नाही.

साठीनंतर तिला साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, त्यांत ग्लिमेपिराइड. ही गोळी जेवणाशी बांधलेली असते. ती घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर खाली घसरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, वेळेत काही पोटात गेलं नाही तर माणूस बेशुद्धही पडतो. आईला हे पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि आपल्या पद्धतीनं मार्ग काढला. महिन्याच्या गोळ्या मोजून मीच देतो, तर पाकिटात दर महिन्याला एक शिल्लक राहायला लागली. कुठल्या दिवशीची ते ओळखायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही. उपवास करायचा म्हणून तिनं गोळीलाच सुट्टी दिली होती.

घरात वाद झाला. तो आमच्या गुरुजींनी मिटवला. ते म्हणाले, "काकू, तुम्ही फक्त संकल्प सोडा, उपवास मुलगा करू दे. प्रतिनिधी चालतो." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला काहीतरी बोलले. पण नाही. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेला 'धर्मसिंधू' आमचे गुरुजी जवळच बाळगतात. स्वतःला झेपत नसेल तर मुलगा, नवरा, बायको, भाऊ, पुरोहित यांच्याकडून व्रत करवून घ्यायची सोय धर्मशास्त्रात आहे, हे त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. आईनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विश्वास फारसा नव्हता. पण पुढच्या वद्य चतुर्थीला तिनं वेळेवर गोळी घेतली, वेळेवर जेवली, आणि मी साबुदाण्याची खिचडी डब्यात भरून दुकानात गेलो.

दुकानात उपवास करणं म्हणजे काय, ते पहिल्या दोन-चार संकष्ट्यांतच कळलं. भुकेचं काही नाही, तिची सवय होते. त्रास होतो तो वेळेचा. आमच्या गल्लीत डॉक्टरांचे दवाखाने संध्याकाळी सहाला उघडतात, आणि सातपासून नऊपर्यंत काउंटरपुढं चिठ्ठ्यांची रांग लागते. नेमका तेव्हाच चंद्र यायचा असतो. शिवाय फार्मासिस्ट दुकानात नसताना औषध द्यायचं नाही हा कायदा, तेव्हा चंद्र बघायला लांब कुठं जाताही येत नाही. माझं चंद्रदर्शन दुकानाच्या पायरीवरून होतं. दुकानात कामाला असलेला पोरगा काउंटर सांभाळतो, मी तांब्या घेऊन पायरीवर येतो, अर्घ्य देतो. तोवर मागून आवाज येतो, "दादा, ही चिठ्ठी वाचा की, मला लागंना." डॉक्टरांचं अक्षर आणि चंद्राची वेळ कायम एकत्रच येतात.

चंद्राचं वेळापत्रकही मी त्याच पायरीवर शिकलो. पौर्णिमेला तो सूर्य मावळताना उगवतो, आणि पुढं रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. चतुर्थीपर्यंत तो असा रात्री नऊच्या आसपास सरकतो. पण ही सरासरी झाली. आश्विन-कार्तिकात रोजचा उशीर कमी असतो, दिवसही लवकर मावळतो, त्यामुळं संकष्टीचा चंद्र साडेआठच्या आगेमागेच हजर होतो. चैत्र-वैशाखात उलट. दहा वाजून जातात तरी त्याचा पत्ता नसतो. कुणालाही वाटेल की आश्विनातली संकष्टी सोपी. पोटाला सोपी, पण दुकानाला सगळ्यात अवघड, कारण चंद्र ऐन रांगेत येतो. वैशाखात शटर ओढून, हिशेब करून घरी जाईपर्यंत तो यायचाच असतो. तेव्हा धंद्याची अडचण काही नसते, पण दिवसभराच्या उन्हानं आणि भुकेनं डोकं असं चढलेलं असतं की जो तो माझ्यापासून चार हात लांब राहतो.

वेळ शहरागणिकही बदलते. मुंबईपेक्षा आमच्याकडं चंद्र पाच-सात मिनिटं आधी, नागपुरात वीस-पंचवीस मिनिटं आधी. कालनिर्णयात गावांच्या वेळा छापलेल्या असतात, आता मोबाइलवरही कळतात. पण ती वेळ क्षितिजाची. माझ्या दुकानासमोर तीन मजली इमारत आहे. तिच्या पाण्याच्या टाकीवर चंद्र यायला आणखी बराच वेळ लागतो. छापलेली वेळ धरायची की डोळ्यांनी बघायचं, यावर आमच्याकडं दोन पक्ष आहेत. आईचं म्हणणं, दिसल्याशिवाय नाही. पावसाळ्यात मात्र ती स्वतःच कॅलेंडरवर विसंबते. आषाढ-श्रावणात आभाळ फाटल्यासारखं कोसळत असताना कुणाचा बाप चंद्र दाखवणार? तिच्या मते ढग ही देवाची अडचण आणि इमारत ही माणसाची, म्हणून ढगाला सूट, इमारतीला नाही. यात तर्क आहे की नाही मला अजून ठरवता आलेलं नाही. मी पाळतो.

आश्विन वद्य चतुर्थीला तर आख्खी गल्लीच आभाळाकडं बघत असते. त्या दिवशी आमची संकष्टी आणि शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या मारवाडी वहिनींची करवा चौथ. तिथी एकच, चंद्र एकच. आमच्या उपवासाला खिचडी, फळं, दूध सगळं चालतं, त्या दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाहीत. त्यांचे यजमान दर दहा मिनिटांनी माझ्या पायरीवर येऊन विचारतात, "दिखा क्या, भाऊ?" उपवास बायकोचा, घालमेल नवऱ्याची. गंमत म्हणजे भाद्रपद शुद्ध चतुर्थीला याच चंद्राकडं बघायचं नाही, नाहीतर चोरीचा आळ येतो म्हणून आपण माना खाली घालून फिरतो. पंधरा दिवस उलटतात न उलटतात तोच माना वर करून त्याला शोधत बसतो.

एक अंगारकी चांगलीच लक्षात आहे. मंगळवारी संकष्टी आली की सांगलीच्या गणपतीला रांग लागते, कारण एक अंगारकी केली की वर्षभराच्या संकष्ट्यांचं पुण्य लागतं असं आपल्याकडं मानतात. अशाच एका अंगारकीला संध्याकाळी पन्नाशीच्या एक बाई देवळाच्या रांगेतून थेट दुकानात आल्या. हातात प्रसादाची पिशवी. नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या मागता मागता त्यांनी काउंटरची काच धरली. हात काढला तिथं पाच बोटांचा ओला ठसा. वरच्या ओठावर घाम, बोटं थरथरत होती.

"साखरेची गोळी चालू आहे का?"

"सकाळीच घेतलीय. गोळी चुकवायची नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय."

गोळी चुकवलेली नव्हती, चुकवलं होतं ते जेवण. पोरानं स्टूल पुढं केलं. ग्लुकोमीटरवर आकडा साठच्या आत. पोरगा घाईत ओआरएसचं पाकीट फोडायला निघाला, तर बाईंनी त्या अवस्थेत त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, "यात मीठ आहे." मी चाटच पडलो. म्हटलं, "ताई, ते ठेवा, हे ग्लुकोज घ्या, यात मीठ नाही." तरी ग्लास हातात धरून बसल्या. चंद्र यायचा होता ना!

"हे औषध आहे. औषधानं उपवास मोडत नाही."

"कुणी सांगितलं?"

प्रश्न रास्त होता, आणि माझ्याकडं उत्तर होतं. आठ गोष्टींनी व्रताला बाध येत नाही असा एक जुना श्लोक आहे, गुरुजींनी तो आईला म्हणून दाखवला तेव्हाच मी लिहून घेतला होता. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. मी तो काउंटरमागून खणखणीत म्हटला. रांगेतली माणसं गप्प झाली. संस्कृत कानावर पडल्यावर बाईंनी ग्लास तोंडाला लावला. पंधरा मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला, मग प्रसादातलं केळं खायला लावलं, मुलाला फोन करून बोलावून घेतलं. जाताना विचारलं, "परत म्हणा की ते, लिहून घेते."

तेव्हापासून तो श्लोक काउंटरच्या आतल्या बाजूला, उधारीच्या वहीशेजारी चिकटवलेला आहे. त्याचा जेवढा उपयोग झालाय तेवढा माझ्या सर्टिफिकेटचा झालेला नाही.

शास्त्र सगळीकडं सैल आहे असं नाही. वारंवार पाणी पिण्यानं, एकदा विडा खाण्यानं, दिवसा झोपण्यानं उपवास नष्ट होतो, असंही तिथं सांगितलंय. त्या हिशेबानं आपल्यातले निम्मे लोक दुपारच्या डुलकीतच बाद. पण दिवसा झोपू नये हे कुणी मनावर घेत नाही, आणि आजारी माणसाला मोकळीक आहे हेही कुणी घेत नाही. घरोघरी तिसरंच काहीतरी चालतं. गोळी चालत नाही पण चहा चालतो. मीठ चालत नाही पण सैंधव चालतं. साबुदाणा चालतो, जो टॅपिओकाच्या कंदाचा असतो, आणि तो कंद पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून आपल्याकडं आला. बटाटा, मिरची, शेंगदाणे हेही तिकडचेच. देवगिरीच्या यादवांचं दफ्तर सांभाळून हेमाद्रीनं तेराव्या शतकात व्रतांवर आख्खा खंड लिहिला. हेमाडपंती देवळांमुळं ज्याचं नाव आपल्या तोंडी आहे तोच हा हेमाद्री. त्याला आपली खिचडीची बशी दाखवली असती तर त्यात त्याच्या ओळखीचं तूप आणि जिरं एवढंच निघालं असतं. तरी तो उपवास आपण उपवासच मानतो. मग ग्लुकोजवर एवढं का अडतं?

मला वाटतं, नियम पुस्तकात असतो त्यापेक्षा घरात कडक होतो. घरात तो एका माणसानं दुसऱ्याला बघून उचललेला असतो, सवलतीचं पान मधल्यामध्ये गळून पडतं. आणि काउंटरवरून मी बघतो ते असं की, निर्जळी करणारे, गोळी टाळणारे, ताप अंगावर काढून उपवास करणारे दोन-तीन वर्षांत एकतर दवाखान्यात जातात नाहीतर कंटाळून सगळंच सोडतात. पळवाटा काढणारे, "दादा, दूध घेऊन गोळी घेतली तर चालंल न्हवं?" असं विचारणारे म्हातारे मात्र वर्षानुवर्षं येत राहतात. मिरजेकडून येणारी माझी मुस्लिम गिऱ्हाइकं रमजानच्या आधी आठ दिवस चिठ्ठी घेऊन येतात. सकाळची गोळी सहरीला, रात्रीची इफ्तारनंतर, दुपारचीचं काय ते डॉक्टरांना विचारून सांगा. आपल्याकडं चतुर्थी कधी आहे ते वर्षभर आधी छापलेलं असतं, पण गोळीचं विचारायला माणूस येतो त्याच दिवशी संध्याकाळी, चक्कर आल्यावर.

आता घरचं. उपवास माझा असतो आणि मोदक बायकोचे. ती रत्नागिरीकडची, त्यामुळं तळणीचे मोदक तिला मोदक वाटतच नाहीत. उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची, पारी करून कळ्या पाडायच्या. हे सगळं तिच्या नोकरीवरून आल्यावर. ती स्वतः संकष्टी करत नाही, पण मी येईपर्यंत जेवायचीही नाही. एकदा वैशाखात साडेदहाला पानं वाढताना म्हणाली, "सकाळपासून तू खिचडी, केळी, दूध, राजगिऱ्याचे लाडू खाल्लेस. मी दुपारी डबा खाल्ला त्यावर आहे. उपवास कुणाचा आहे नक्की?" बिनतोड. त्यानंतर ठरलं की उन्हाळ्यातल्या संकष्टीला ती मुलीबरोबर आणि आईबरोबर साडेआठला जेवून घेणार आणि मोदक रविवारी आली संकष्टी तरच. एरवी गूळखोबरं. एवढं साधं ठरायला आमच्या घरात बरीच वर्षं गेली, कारण आईला विचारायचं कुणी हा प्रश्न होता. विचारल्यावर ती म्हणाली, "गूळखोबरं कधी नको म्हणलंय त्यानं?"

दुकानातही देणंघेणं आहेच. पोरगा शनिवारी मारुतीचा उपवास करतो, संध्याकाळी देवळात जातो, तेव्हा काउंटर मी एकट्यानं बघतो. चतुर्थीला माझी दहा मिनिटं तो सांभाळतो. फक्त एकदा त्यानं घरून आलेला नैवेद्याचा डबा इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये ठेवला, तेव्हा ओरडावं लागलं. तिथं दोन ते आठ अंशांत औषधच राहणार, गणपतीचा प्रसाद असला तरी नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं. दुकानात छातीएवढं पाणी होतं. पूर ओसरला आणि पाठोपाठ श्रावणातली संकष्टी आली. त्या दिवशी आम्ही गाळ उपसत होतो. भिजून फुगलेली खोकी, लेबलं सुटलेल्या बाटल्या, फेकून द्यायच्या औषधांचा ढीग. वासानं पोटात ढवळत होतं. दुपारी कुठल्याशा गावाहून ट्रॅक्टर भरून पोरं आली, भात-आमटी वाढत. पत्रावळ हातात आली. वाढणाऱ्या पोराला "माझा उपवास आहे" म्हणायला तोंड उघडेना. जेवलो, पोटभर जेवलो. रात्री आईला सांगितलं. तिनं विचारलं, "गरम होता का भात?" हो म्हटलं. विषय संपला. माझ्या लेखी ती संकष्टी झाली. गुरुजींना मुद्दाम विचारलं नाही.

बहीण न्यू जर्सीला असते. तिची संकष्टी कधीकधी आमच्या आदल्या दिवशी येते, कारण आमच्याकडं चंद्रोदयाला असलेली चतुर्थी तिकडं चंद्र उगवेपर्यंत संपलेली असते. मग व्हॉट्सअॅपवर तिचा चंद्राचा फोटो येतो तेव्हा इकडं चतुर्थीचीच सकाळ असते आणि मी नुकता उपवास धरलेला असतो. आई दोन्ही दिवशी विचारते, सोडला का?

या वर्षी मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी चालली आहे. परवा तिनं आजीपुढं जाहीर केलं की एकवीस संकष्ट्या करणार. मी काही बोलायच्या आत आजीनं अटी सांगितल्या. अभ्यासाच्या दिवसांत निर्जळी नाही, ताप असला तर उपवास नाही, परीक्षेच्या दिवशी चतुर्थी आली तर घरातल्या कुणीतरी तिच्याऐवजी करायची. मुलीनं विचारलं, रात्री जागायला कॉफी चालेल का? आई म्हणाली, दुधातली असंल तर चालंल. बायको म्हणाली, रिकाम्या पोटी अजिबात नाही. त्यावरून दोघींचं अजून चाललंय, आणि अॅसिडिटीच्या गोळ्या विकणाऱ्या माणसाचं मत अद्याप कुणी विचारलेलं नाही.